शकुंतला ऊर्फ रोहिणी

त्या रविवारी रोहिणीकडे जेवायला जायचं होतं. सकाळी मी काकडीची कोशिंबीर करत होते. काही आणू नकोस असं ती दरवेळी बजावायची आणि खरंच काही नेलं नाही, तर दारातच ‘आलीस हात हलवत’ म्हणायची. दाण्याचं कूट घालणार तेवढ्यात फोन वाजला. जुई होती, तिची मुलगी. ‘मावशी, येऊ नकोस,’ म्हणाली. मग लगेचच, ‘नाही... ये. लवकर ये. आई गेली.’ पहाटे उठून रोहिणीनं मसालेभात केला होता, टोमॅटोचं सार केलं होतं, नवऱ्याला, विलासरावांना, चहा दिला आणि स्वतःचा कप घेऊन खुर्चीत बसली ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं. जेवायला बोलावलेल्या सगळ्यांना कळवणं जमलं नाही, त्यामुळे दुपारी अ‍ॅमस्टेलव्हीनहून, आइंडहोवनहून माणसं फुलं आणि डबे घेऊन हसत आली आणि दारात थबकली. विलासराव सगळ्यांना एवढंच म्हणत होते, ‘तिनं केलंय. टाकून दिलेलं तिला चालणार नाही.’ आमच्यातल्या एका काकूंनी सुतकाचं काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली खरी, पण पहिला घास त्यांनीच घेतला. उइटहॉर्नच्या त्या लहानशा बागेत आम्ही उभ्या उभ्या मसालेभात खाल्ला आणि रडलो. नेहमीसारखंच मीठ जरा कमी होतं.

आता काही आठवडे उलटलेत. तिच्याविषयी लिहायला बसले की रडू येण्याऐवजी हसूच येतं, त्याला मी तरी काय करू? आम्ही दोघी एकाच सुमारास लग्न होऊन हॉलंडमध्ये, आइंडहोवनला आलो. दोघींचे नवरे एकाच कंपनीत. मी सगळं व्यवस्थित करणारी, पावत्यासुद्धा प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवणारी, आणि ही अशी, की घरच्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडायच्या. सायकल ती इथे येऊन शिकली. तोल जायला लागला की ब्रेक दाबण्याऐवजी घंटी वाजवायची. ‘लोक बाजूला झाले म्हणजे झालं,’ असं तिचं म्हणणं. पुढे एका वृद्धाश्रमात कामाला लागली, तिथल्या आज्यांचे केस विंचरायची, त्यांच्याशी पत्ते खेळायची, आणि डच भाषा त्यांच्याकडूनच शिकली. त्यामुळे तिच्या तोंडात सगळे नव्वदीच्या बायकांचे शब्द. दुकानात ही बोलायला लागली की तरुण पोरी आपली आजी आठवून गहिवरायच्या आणि ही त्याचा फायदा घेऊन ताजी पालेभाजी आतून काढून आणायला लावायची.

नव्वदच्या दशकात ती डच झाली. जिथे आपण भाजी घेतो तिथलं सरकारही आपल्या मताचं हवं, एवढं साधं तिचं तर्कशास्त्र होतं. विलासरावांनी मात्र भारतीय पासपोर्ट सोडला नाही. क्रिकेटच्या वेळी घरात एक तरी भारतीय नको का, म्हणायचे. डच झाल्याचा कागद आला तेव्हा हिनं वृद्धाश्रमात पुरणपोळ्या केल्या, आणि पुढच्या वेळी कराडला जाताना ‘स्वतःच्या माहेरी जायला व्हिसा काढणारी मी पहिलीच माहेरवाशीण’ असं सगळ्यांना सांगत सुटली. जुई तेव्हा लहान होती. आई डच झाली की पदराखालचं मूलही तिच्याबरोबर डच होतं, असा तेव्हाचा रिवाज. जुईचं नाव आईच्या पासपोर्टात लिहिलं गेलं आणि विषय मिटला, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

पुढे रोहिणीचं केळकर कुटुंब उइटहॉर्नला राहायला आलं, आम्ही अ‍ॅमस्टेलव्हीनला. जुई कॉर्फबॉल खेळायला लागली. उंच खांबावर वेताची टोपली, मुलं-मुली एकाच संघात, असा तो इथला खेळ. पोरगी चपळ होती, नेमही चांगला. पण वय असं, की आईची सावलीसुद्धा नको. आम्ही मराठीत बोलायचो, ती डचमध्ये उत्तर द्यायची. आईला ‘माम’ म्हणायची, आणि मैदानाच्या कडेला उभं राहून रोहिणी आरडाओरडा करायला लागली की दात आवळून ‘माम, डू नॉर्माल’ म्हणायची, म्हणजे शहाण्यासारखी वाग. रोहिणी हसण्यावारी न्यायची. पण एकदा माझ्या स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता म्हणाली, ‘ती माझ्यापासून तीन पावलं लांब चालते गं रस्त्यात. लोकांना वाटावं, ही कुणी दुसरीच बाई.’ मी म्हटलं, सगळ्यांचीच मुलं अशी वागतात. ती म्हणाली, ‘सगळ्यांच्या मुलांचं मला काय करायचंय?’

आणि मग जुईची निवड झाली, हॉलंडच्या सतरा वर्षांखालच्या संघात. उन्हाळ्यात स्पर्धेला तैवानला जायचं. २००५ चा हिवाळा होता तो. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं ओळखपत्र जवळ बाळगण्याचा नियम नुकताच आला होता, त्यामुळे तिचा स्वतंत्र पासपोर्ट काढायचाच होता. आता घाई झाली एवढंच. कागदपत्रांच्या बाबतीत आमच्या मंडळींत मी बिनपगारी वकील, म्हणून मलाही बरोबर घेतलं. खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, आम्ही चौघं गेलो. काउंटरवर चष्मा दोरीला अडकवलेल्या, अतिशय मऊ बोलणाऱ्या एक बाई होत्या. आइंडहोवनला असताना जुईची नोंद नुसत्या पासपोर्टावरून झाली होती. या बाईंना जन्मदाखला बघायचा होता. तोही आम्ही नेला होता, इंग्रजी भाषांतरासकट. बाईंनी तो वाचला, परत वाचला आणि विलासरावांना अगदी हलक्या आवाजात विचारलं, ‘तुमचं याआधी एक लग्न झालं होतं का? ही खाजगी बाब आहे, हवं तर आपण शेजारच्या खोलीत बोलू.’

विलासराव कानापर्यंत लाल झाले. दाखल्यावर बापाचं नाव बरोबर होतं, पण आईचं नाव होतं शकुंतला दिनकर पुरोहित. आणि मुलीच्या नावाची जागा कोरी. रोहिणीनं दाखला ओढून घेतला, बघितला आणि इतकी मोठ्यानं हसली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. ‘नीला, अगं मीच माझी सवत झाले!’

आपल्या वाचकांना यात समजावण्यासारखं काही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, कराडला. तिसऱ्या दिवशी तिचे वडील, आप्पा, हौसेनं नगरपालिकेत नात नोंदवायला गेले. बाळाच्या आईचं नाव काय, तर त्यांच्या लेखी त्यांची मुलगी शकूच होती. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव रोहिणी ठेवलं, ही गोष्ट आप्पांनी कानाआड केली होती. बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं म्हणून नावाची जागा मोकळी ठेवली, आणि ती भरायला पुन्हा कुणी गेलंच नाही. आमच्या पिढीच्या निम्म्या पोरांचे दाखले असेच निघतील. पण हे डचमध्ये समजावताना मला घाम फुटला. बाई ऐकत होत्या मन लावून. ‘म्हणजे बारा दिवस या मुलीला नावच नव्हतं?’ नव्हतं. ‘मग तुम्ही तिला हाक काय मारत होतात?’ ‘चिऊ,’ रोहिणी म्हणाली.

बाई हसल्या, पण दाखला त्यांनी पुढे सरकवला तो परत घेतला नाही. म्हणाल्या, ‘तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण ही मुलगी डच आहे ती आईमुळे, आणि या कागदावर तिची आई दुसरी कुणीतरी बाई आहे. त्यामुळे आत्ता तरी तुम्ही तिची आई आहात असं धरून मला पासपोर्ट देता येणार नाही.’ रोहिणीचं हसू विरलं.

तोवर जुई, या मंडळींशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं, मागे भिंतीला टेकून उभी होती. ती तरातरा पुढे आली, दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि बाईंच्या तोंडाकडे बघत बोलायला लागली. मराठीत. ‘ही माझी आई आहे. पहिल्यापासून हीच आहे. दुसरी कोण असणार? रोज माझा डबा भरते. मी खात नाही तरी भरते. मी आजारी पडले की उशाशी बसून राहते, जा म्हटलं तरी जात नाही. आणि मॅचला येऊन एवढी ओरडते... ते काय कुणी दुसऱ्याच्या मुलीसाठी ओरडतं?’ बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ती थांबेपर्यंत मान हलवत ऐकून घेतलं. मग एका कोऱ्या कागदावर काय काय लागेल ते लिहून दिलं. कराडहून दुरुस्त केलेला दाखला, आणि तो खरा आहे याची वकिलातीमार्फत जागेवर जाऊन केलेली चौकशी.

बाहेर येऊन सायकली काढत होतो. मी मनातल्या मनात महिने मोजत होते, आणि ही बाई सायकलच्या सीटवर हात ठेवून उभी. ‘ऐकलंस तू? आई म्हणाली. माम नाही म्हणाली, आई म्हणाली. सगळ्यांसमोर.’ मी म्हटलं, अगं, पासपोर्टचं काय ते बघू आधी. ‘बघू गं पासपोर्टचं,’ असं म्हणून ती घंटी वाजवत पुढे गेली सुद्धा. जुई तिच्या मागोमाग, पण तीन पावलं नाही, अगदी चाकाला चाक लावून. मला तर त्या दोघी पडतील अशीच भीती वाटत होती.

मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला तेव्हा आवाज उतरलेला होता. ‘ती गेली नाही ना तैवानला, तर जन्मभर तिला वाटेल, आईच्या नावापायी राहिलं. आत्ताच कुठे जवळ आलीय गं...’ मग आम्ही सगळेच कंबर कसून मागे लागलो. आप्पा तोवर राहिले नव्हते. कराडला तिचा भाऊ सुरेशदादा नगरपालिकेत खेटे घालायला लागला, आणि वसंत संपता संपता नवा दाखला हातात आला. मुलीचं नाव जुई, आईचं नाव शकुंतला ऊर्फ रोहिणी. राहिली होती ती चौकशी. त्या काळी भारतातले कागद इथे सहजासहजी खरे धरत नसत. वकिलातीनं नेमलेला माणूस गावात जायचा, शेजारीपाजारी विचारायचा आणि मग अहवाल पाठवायचा. तो कधी येणार हे कुणाला सांगत नसत.

तो आला एका भर दुपारी. पुण्याचे कुणी वकील होते, गृहस्थ सज्जन. दादा कामावर, दादाची बायको मंदावहिनी मंडईत, घराला कुलूप. तेव्हा त्यांनी गल्लीतच विचारायला सुरुवात केली. ‘रोहिणी केळकर यांना ओळखता का?’ पहिल्या घरात म्हणाले, नाही बुवा. दुसऱ्या घरात म्हणाले, केळकर इथे कुणी राहत नाहीत. पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, अशी बाई या गल्लीत कधीच नव्हती, मी जन्मापासून इथे आहे. बनूआत्यांनी तर खिडकीतूनच हात हलवला. या बनूआत्या म्हणजे शेजारच्या, रोहिणीच्या बाळंतपणात पाणी तापवणाऱ्या. वकीलसाहेबांनी सगळं टिपून घेतलं, फाइल बंद केली आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षाला हात केला.

मंदावहिनी पिशव्या घेऊन गल्लीत शिरल्या तेव्हा बनूआत्या ओट्यावर येऊन सांगत होत्या, की कुणीतरी शहाणा माणूस भलतीच बाई शोधत आला होता. काय नाव म्हणाला? ‘रोहिणी का कायसं.’ पुढचं वहिनींनी आम्हाला फोनवर सांगितलं ते मी शब्दांत काय पकडणार? पिशव्या तिथेच टाकल्या, वांगी गल्लीभर घरंगळली, आणि त्या नऊवारी सावरत ‘अहो, अहो रिक्षावाले’ करत धावत सुटल्या. रिक्षा वळणावर गाठली. ‘अहो साहेब, रोहिणी म्हणजे आमची शकू!’

तसे वकील परत आले, पण कपाळाला आठी घालून. आत्तापर्यंत कुणीच ओळखत नव्हतं आणि आता एकदम सगळी गल्ली ओळखते, यावर कोण विश्वास ठेवील? गल्ली जमली. पोहे आले, चहा आला. शकू म्हणजेच रोहिणी कशावरून, असं त्यांनी विचारलं तेव्हा बनूआत्या पुढे झाल्या. म्हणाल्या, ‘लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नाव काढलं, तेव्हा मी शकूच्या मांडीला मांडी लावून बसले होते. वाचलं, रोहिणी. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, कसलं हे नाव, आमच्या शकूला अजिबात शोभत नाही. म्हणून या गल्लीत ते कुणी तोंडातच घेतलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा आठवणार कसं?’ मग त्यांनी बाळंतपणाची अख्खी हकिगत सांगितली. कुठल्या खोलीत, पोरीला पहिली आंघोळ कुणी घातली, पाळणा कुठल्या कडीला टांगला. ती कडी बघायला वकिलांना आत नेलं. ज्यांचं कुटुंब त्या गल्लीत अगदी अलीकडे आलं होतं, त्या बाईसुद्धा साक्ष द्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा मात्र वकीलसाहेब हसायला लागले. वहिनी म्हणत होत्या, जाताना ते म्हणाले, इतके साक्षीदार मला खुनाच्या खटल्यातही मिळाले नव्हते.

स्पीकरवर लावलेल्या त्या फोनभोवती आम्ही उइटहॉर्नच्या घरात बसलो होतो. रोहिणी डोळे पुसत हसत होती. जुई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मध्ये मध्ये विचारत होती, कडी म्हणजे काय, बनूआत्या माझी कोण. त्या दिवशी रोहिणीनं तिला स्वतःच्या लहानपणाबद्दल जितकं सांगितलं, तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत सांगितलं नसेल, कारण ऐकायला आधी कुणी नव्हतं.

पासपोर्ट अगदी शेवटच्या आठवड्यात हातात पडला. त्याच काउंटरवर, त्याच बाईंच्या हातून. रोहिणीनं त्यांना बेसनाचे लाडू नेले. सरकारी माणसांना भेटी चालत नाहीत असं त्या म्हणाल्या, तेव्हा ही आपल्या आजीबाई-डचमध्ये ‘पोरी, खा मुकाट्यानं’ असं काहीसं म्हणाली आणि त्यांनी तिथल्या तिथे एक खाल्ला. तैवानमध्ये जुई बरीचशी बाकावर बसून होती, संघ पहिल्या तिनातही आला नाही. वृद्धाश्रमात मात्र सगळ्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं की हॉलंडची लाज जुईनं राखली. विलासरावांना तर कायमचं हत्यारच मिळालं. भाजी अळणी झाली की म्हणायचे, ‘माझी पहिली बायको बरी होती, कराडची.’ रोहिणी म्हणायची, ‘तिलाच बोलवा मग, मी बसते जरा.’ त्यानंतर फार दिवस नाही मिळाले तिला. पण जे मिळाले त्यांत रस्त्यानं जाताना मुलगी तिच्या शेजारून चालायची. ती हे सुख मला वरचेवर सांगायची आणि मीही दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचे.

परवा विलासरावांना काही कामासाठी मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी होती. त्यांना खेमेन्तेच्या त्या इमारतीत पाऊल टाकवेना, म्हणून जुई एकटी गेली. काउंटरवर कुणी नवे गृहस्थ होते. तिथून ती बसनं थेट माझ्याकडे आली. ‘मावशी, मी सगळे पेपर्स घेऊन गेले होते. कराडचे, वकिलाचे, सगळे. मी रेडी होते. त्यानं फक्त माझा पासपोर्ट बघितला, मग स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, तुमची आई ना, वाईट झालं. बस. काहीच विचारलं नाही.’ मी म्हटलं, बरं झालं की. ती म्हणाली, ‘नाही ना! मला सांगायचं होतं.’

तर मग तिनं सांगितलं. कुणी विचारलेलं नसताना, काउंटरपाशी उभं राहून, आप्पांपासून सुरुवात करून. तांदळाचं ताट, कोरी जागा, वांगी, रिक्षा, सगळं. मागे रांग होती. एक म्हातारी नीट ऐकू यावं म्हणून खुर्ची पुढे ओढून बसली, आणि ते गृहस्थ गिरणीवाल्याच्या साक्षीपाशी आले तेव्हा टेबलावर हात आपटून हसले म्हणे. हे मला सांगताना जुई हातवारे करत होती, मध्येच स्वतःच हसत होती, आणि मोठ्यानं, खूप मोठ्यानं बोलत होती. मला तर ते नुसतं बघत बसावंसं वाटत होतं.

शेवटी मी म्हटलं, दे तो दाखला, पाकिटात घालून ठेवते. तिनं पिशवी उघडली. पासपोर्ट होता, कराडचे कागद होते. पिशवी पालथी केली, कोटाचे खिसे बघितले. मग माझ्याकडे बघितलं. सांगण्याच्या नादात मृत्यूचा दाखला तिथे काउंटरवरच राहिला होता. ‘आता बंद झालं असेल,’ ती म्हणाली, ‘बाबा काय म्हणतील?’

‘काही नाही म्हणणार,’ मी म्हटलं. ‘आजचा दिवस राहू दे तो तिथेच. तू जेवायला बस.’